म्हादूचं फुटकं घुंगरू

“वा बुवा! काय आवाज लागलाय! वा!”

बाळाराम बुवा पाष्टे स्वतःच स्वतःला दाद देत होते. देवरुखच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मधोमध खुर्ची टाकून मी त्यांना बसवलं होतं. समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि कोपऱ्यात जमिनीवर खालचे सूर काढणारा एक मोठा डबा. आवाज घुमू नये म्हणून आईच्या सगळ्या गोधड्या मी भिंतींवर खिळ्यांना टांगल्या होत्या. बुवा डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते आणि दर कडव्याला स्वतःच्याच गाण्यावर मान डोलावत होते. मला हसू येत होतं, आणि छाती जरा फुगलीही होती. कारण बुवांचं गाणं ज्या डिस्कवरून वाजत होतं, ती मी घरच्या कॉम्प्युटरवर बनवली होती.

“काय दिगूशेट, पास ना आमी?” गाणं संपल्यावर बुवांनी विचारलं.

“तुम्ही पासच आहात हो,” मी म्हटलं. “मी पास होतो का ते बघायचंय.”

ही २००७ सालची गोष्ट. गणपती नुकतेच झाले होते. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, मामाच्या दुकानात पंख्यांच्या मोटारी गुंडाळायचो. घरी मात्र माझा दुसरा संसार होता. सहा माइक एकदम घेणारं कार्ड, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि जमवाजमव करून आणलेले स्पीकर. त्यात एकही जोडी एका कंपनीची नव्हती.

पुण्यात एक लोककलांचं संग्रहालय उभं राहत होतं. तिथे ते एक खोली करणार होते. मध्ये खुर्ची, चारी बाजूंनी स्पीकर. बसणाऱ्याला वाटावं, आपण खेळाच्या मधोमध बसलोय. त्यासाठी त्यांना साधी सीडी नको होती. प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा ठेवणारी, सीडीपेक्षा कितीतरी बारीक आवाज टिपणारी डिस्क हवी होती. कोकणातून तिघांना त्यांनी नमुना पाठवायला सांगितला. ज्याचा नमुना पसंत पडेल, त्याने पुढे सबंध कोकणातले खेळ रेकॉर्ड करायचे. म्हणजे काही वर्षांचं काम. नाहीतर पंखे होतेच. मामा भला माणूस, पण जन्मभर तांब्याची तार गुंडाळायची माझी तयारी नव्हती.

मी जाखडी निवडली. जाखडीत बुवा, ढोलकीवाला आणि झांजवाला मधे बसतात, आणि पायांत घुंगरांचे चाळ बांधलेले आठ नाचणारे त्यांच्याभोवती गोल फिरतात. मधे बसून ऐकायचा खेळ याहून दुसरा कुठला? गणपतीत बुवांची सगळी पोरं मुंबईहून आली होती, तेव्हाच एका दुपारी त्यांच्या अंगणात पाच माइक लावून मी ते रेकॉर्डिंग केलं. आता पोरं परत गेली होती. पुन्हा रेकॉर्डिंग करायचं तर वर्षभर थांबायला हवं होतं, आणि डिस्क त्याच संध्याकाळी पाचच्या कुरिअरने जायला हवी होती.

आणखी एक गोष्ट होती, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. माझा डावा कान मेलेला आहे. सातव्या वर्षी गालगुंड झालं, ताप उतरला आणि त्याबरोबर तो कानही गेला. हे फक्त आईला माहीत होतं आणि ती जाऊन तीन वर्षं झाली होती. माणसं माझ्या उजव्या हाताला राहतील अशा बेताने मी चालायचो, बसायचो, लग्नाच्या पंगतीत डाव्या टोकाचं पान धरायचो. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. आणि अशा माणसाने पाच बाजूंनी वाजणारी डिस्क बनवायला घेतली होती. आता हसू येतं. तेव्हा मी खुर्ची फिरवून उजवा कान एकेका स्पीकरला लावायचो, प्रत्येक आवाज स्वच्छ आहे असं बघायचो आणि स्वतःची समजूत घालायचो. शेजारच्या दोघांना ऐकवलं होतं. ते म्हणाले, घुंगरं चहूबाजूंनी वाजतायत, मस्त वाटतंय.

“म्हादू वाट सोडून कुटं चाललाय?”

दारातून आवाज आला. म्हादू म्हणजे आठ नाचणाऱ्यांतला एक. उंबऱ्यावर बुवांची बायको, सुंद्राकाकी, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बाजारातून पितळी घुंगरं आणि दोरी घ्यायची म्हणून ती बुवांबरोबर आली होती.

“तुला काय कळतां त्यातलां?” बुवा डाफरले. “गानं बग कसां झालंय. दिगूशेट, झकास! मी जरा तंबाखू घेऊन येतंय. येष्टीला अजून टायम हाय.”

आणि धोतराचा सोगा सावरत बुवा निघून गेले. या माणसाला स्वतःच्या गळ्यापलीकडे काही ऐकूच येत नाही, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मी मनात त्यांची थोडी टिंगलही केली.

मी वायरी आवरायला लागलो. थोड्या वेळाने कोणीतरी उजव्या खांद्याला हात लावला. बघतो तर काकी. उंबऱ्यावरून उठून, माझ्या पाठीमागून वळसा घालून ती उजव्या बाजूला येऊन उभी होती.

“तीनदा हाक मारली तुला,” ती म्हणाली. “डाव्या कानानं आयकू येत नाय ना?”

माझं डोकंच फिरलं. “कोण म्हणालं तुम्हाला?”

“कोन कशाला म्हनायला हवं? रेकाडिंगच्या दिवशी चा घे, चा घे म्हनून बसले तुज्या डाव्या बाजूला. तू आपला ढिम्म. हिकडनं बोल्ले तर लगेच वळलास.”

वीस वर्षं सांभाळलेली गोष्ट या बाईने चहाचा कप हातात धरून पकडली होती. शाळेत मास्तरांना नाही, कॉलेजात मित्रांना नाही, मामाला नाही. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. गालगुंड, आई, पुण्याची खोली, पंखे. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, “मग म्हादूचां काय करतोस?”

“म्हादूचं काय झालंय?”

“आठांचे चाळ मीच ववते रे दरवर्साला. म्हादूच्या चाळात एक घुंगरू फुटकां हाय. बदलू म्हटलां तर देत नाय, म्हनतो त्याच्यानं पाय बरा पडतो. त्याचा आवाज मला झोपेत पन कळंल. पुढनं नीट चालतो, नि मागं गेला की कुटंतरी भलतीकडंच निघतो.”

“नाचताना चुकला असेल.”

“चुकला असता तर बुवांनी त्याला थितंच सोलून काढला असतान.”

हे पटण्यासारखं होतं. मी म्हटलं, “काकी, तुम्ही मधे बसा. मी परत लावतो. म्हादू जिथे ऐकू येईल तिथे बोट दाखवा.”

ती दोन पावलं मागे सरली. “नाय रे बाबा. बायकांनी मधी बसायचां नसतां.”

“हे अंगण नाही, माझी खोली आहे. इथे कोणी नाचत नाही, नुसता आवाज आहे.”

तिने दाराकडे बघितलं. बुवांचा पत्ता नव्हता. मग पदराने खुर्ची पुसली आणि अगदी कडेला, अर्ध्या मांडीवर टेकली. तीस-बत्तीस वर्षं तिने जाखडी ऐकली होती ती पडवीतून, नाचणाऱ्यांच्या पाठी बघत, चहाच्या टोपाजवळ उभं राहून. मी डिस्क सुरू केली. गण सुरू झाला आणि ती हळूहळू मागे रेलली.

“बुवांना हितनं आसां आयकू येतां व्हय,” ती पुटपुटली. मग डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट वर केलं.

ते बोट मी आजही विसरलेलो नाही. घुंगरं वळत, हळदीने पिवळं पडलेलं, जरा वाकडं बोट. ते समोर डावीकडून निघालं आणि सरळ उजवीकडे आलं. तिथून उजव्या खांद्यामागे जायला हवं होतं. पण ते छातीवरून आडवं होऊन डाव्या खांद्यामागे गेलं. तिथून मागच्या मागे उजवीकडे, आणि परत आडवं होऊन समोर डावीकडे.

“बग,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “गेला बुवांच्या मांडीवरनं.”

मला जे ऐकू येत नव्हतं, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो. मागचे दोन आवाज उलटे बसले होते. आठ जणांच्या घुंगरांच्या कल्लोळात ते कोणाला कळलं नसतं. एकाच माणसाच्या पायावर कान ठेवणाऱ्यालाच कळणार होतं. पण उलटं झालं कुठे? स्पीकरच्या वायरी तपासल्या, त्या बरोबर होत्या. म्हणजे चूक डिस्कमध्येच होती.

“माइकवर चिठ्ठ्या लावल्यास तवा तू कसा हुबा व्हतास?” काकीने विचारलं. “हुबं ऱ्हाऊन दाखव.”

मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. “असा. बुवा समोर तोंड करून बसले होते. मी त्यांच्या मागे, त्यांच्यासारखंच तोंड करून. हा पुढचा डावा, हा पुढचा उजवा. मग मागचे दोन लावायला मी असा...”

आणि मी वळलो. वळल्यावर डावा हात वर केला, आणि तो तसाच वर राहिला. मागचे माइक लावताना मी मागे तोंड केलं होतं आणि माझं डावं-उजवं माझ्याबरोबर फिरलं होतं. बुवांच्या उजव्या हाताच्या माइकवर मी ‘मागचा डावा’ अशी चिठ्ठी चिकटवली होती, आणि डिस्क बनवताना त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला होता.

काकी हसायला लागली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. मग मलाही हसू आलं.

तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. चार वाजता लोडशेडिंग. कोरी डिस्क एकच उरली होती, आधीच्या दोन मी खराब करून त्यांच्यावर चहाचे कप ठेवत होतो. मी मागचे दोन्ही आवाज अदलाबदल केले, आणि डिस्क करायच्या आधी कॉम्प्युटरवरूनच वाजवून बघितलं. काकी पुन्हा खुर्चीत बसली, या वेळी न सांगता. बोट डावीकडून निघालं, उजवीकडे आलं, उजव्या खांद्यामागे गेलं, तिथून डाव्या खांद्यामागे आणि परत समोर. दुसऱ्या फेरीत ते नुसतं फिरत राहिलं. तिसऱ्या फेरीत तिचा पायही हलायला लागला.

“आला वाटेवर,” ती म्हणाली.

मी डिस्क आत सरकवली. पडद्यावर आकडे चढायला लागले. काकी माझ्या उजवीकडे स्टूल ओढून बसली आणि मिनिटामिनिटाला विचारू लागली, “किती झाला?” ऐंशी झाले. नव्वद झाले. चारला चार मिनिटं असतानाच वीज गेली. यूपीएस कोकलायला लागला. त्याच्या बॅटरीवर माझा काडीचा भरवसा नव्हता. मी देवाचं नाव घेत होतो आणि काकी यूपीएसला शिव्या घालत होती. अखेर ट्रे बाहेर आला, आणि पडदा काळा झाला.

“पण आता वाजवून बघता येणार नाही,” मी म्हटलं. “न ऐकताच पाठवायची?”

“मी आयकलंय ना?” काकी म्हणाली. “दे धाडून.”

इतक्यात बुवा परत आले. काकीने त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. “तंबाखू?”

“दुकान बंद व्हतां,” बुवा म्हणाले. देवरुखच्या बाजारात तंबाखूची चार तरी दुकानं होती, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मी डिस्क घेऊन कुरिअरकडे धावलो.

पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन आला, या म्हणून. संग्रहालयाच्या प्रमुख होत्या आगाशेबाई. पांढरे केस, कडक इस्त्रीची सुती साडी, बोलणं तोलूनमापून. त्यांनी मला त्या खोलीत नेलं. “तुमची डिस्क आम्ही घेतोय,” त्या म्हणाल्या. “इतरांच्या डिस्कमध्ये घुंगरं नुसतीच सगळीकडे होती. मी एक फुटक्या आवाजाचं घुंगरू धरलं आणि त्याच्याच मागे गेले. फक्त तुमच्या डिस्कमध्ये तो माणूस गोल फिरतो.” मग खुर्चीकडे हात करून म्हणाल्या, “बसा. मागचे स्पीकर जरा जास्त वाजतायत असं मला वाटतं. तुमच्या कानाने जुळवून द्या.”

मी बसलो. खुर्ची फिरवून, मान वळवून वेळ मारून नेता आली असती. तेवढी कला मी वीस वर्षांत कमावली होती. पण मला ते पिवळं वाकडं बोट आठवलं आणि लबाडी करवेना.

“मॅडम,” मी म्हटलं, “मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. दिशा कळत नाही.”

त्यांनी विचारलं, “मग हे कसं केलंत?”

मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, फुटकं घुंगरू, बोट. त्या बाहेर जाऊन झाडलोट करणाऱ्या मावशींना घेऊन आल्या आणि खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, “दाखवा तुमची पद्धत.” मावशींनी डोळे मिटले, बोट वर केलं, आणि त्या बोटावर डोळे ठेवून मी मागचे स्पीकर जुळवले. दहा मिनिटं लागली.

“पुढच्या कामाचं पत्र घेऊन जा,” आगाशेबाई म्हणाल्या. “आणि त्या बाईंचं पूर्ण नाव सांगा. डिस्कच्या कव्हरवर यायला हवं.”

पुढची सात वर्षं मी कोकण पालथं घातलं. प्रत्येक गावात रेकॉर्डिंग झालं की त्या मंडळींच्या घरातल्या कोणाला तरी मधे बसवायचो आणि बोट वर करायला सांगायचो. बहुतेक वेळा बायका असायच्या, ज्या त्या जागी आधी कधीच बसलेल्या नसायच्या. त्या डिस्क वाजवणारी यंत्रं आता बाजारात मिळत नाहीत, पण त्या कामाने मला माणसात आणलं. आता मी कोणाकडेही गेलो की आधीच सांगतो, उजवीकडे बसा, मला तिकडूनच ऐकू येतं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. पुढच्या गणपतीत मी छापलेलं कव्हर घेऊन बुवांच्या घरी गेलो. पडवीत बसून ते बुवांना वाचून दाखवलं. गायन, बाळाराम पाष्टे. ध्वनिमुद्रण, दिगंबर शेट्ये. दिशा, सुंद्रा बाळाराम पाष्टे. बुवांनी कव्हर हातात घेतलं आणि तिसऱ्या नावावरून बोट फिरवलं.

“बरां झालां तिला घेऊन आलो त्या दिवशी,” ते म्हणाले.

“घुंगरं आणायची होती ना त्यांना.”

“कसली घुंगरं? घरात डबाभर पडलीत.” बुवांनी चंची उघडली. “ती मला म्हनाली, त्या पोराला एका बाजूनं आयकू येत नाय, नि काम तर चारी बाजूंचां घेतलान. जाऊन बगूया. म्हनून आलो.”

“म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं? मग ऐकताना तुम्ही काही बोलला का नाहीत? तुम्ही तर वा वा करत होतात.”

“मग काय करू? तू तोंडाकडं बगत व्हतास. त्या वक्ताला चूक काडली असती तर तू मोडून पडला असतास. निघतानाच तिला सांगून ठेवलां व्हतां, काय चुकलां असंल तर मी भायेर गेलो की बोल. तरी मधीच बोल्ली, म्हनून डाफरलो.” त्यांनी तंबाखू मळत माझ्याकडे बघितलं. “अरे, चाळीस वर्सां मधी बसतोय. दर फेरीला म्हादू दोनदा माज्या मांडीवरनं गेला. मला कळनार नाय?”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी पडलो. डोळे पुसत उठलो तोवर काकी चहा घेऊन आली. डाव्या बाजूला भरपूर जागा होती. पण ती पाठीमागून वळसा घालून आली, उजवीकडे बसली आणि म्हणाली, “चा घे.”